उरलेला एक शब्द

(डर्बीशरमधलं एक खेडं. मे महिन्यातली दुपार. सिरिल खिडकीपाशी खुर्चीत डुलक्या घेतोय. त्याची बायको एनिड आणि लीड्सहून आलेली मुलगी गिलियन जवळच बसल्या आहेत.)

गिलियन : पण आई, मी काल त्याला सरळ विचारलं होतं. म्हटलं, बाबा, माझ्या घराजवळ वृद्धांचं एक चांगलं शुश्रूषागृह आहे, येशील का? तो म्हणाला, 'वेल'. म्हणून तर मी खोली धरून ठेवायला सांगितली.

एनिड : पक्षाघाताचा झटका आल्यापासून तो दुसरं म्हणतोच काय? सगळे शब्द गेले, हा एक राहिला. भूक लागली का विचार, 'वेल'. छपराला आग लागली म्हणून सांग, 'वेल'.

गिलियन : मग तुला कसं कळतं?

एनिड : सुरावरून. आधी मलाही कळायचं नाही, हिवाळाभर नुसती रडत बसायचे. मग एकदा मी सूप घेऊन आले, तर त्याने वाडग्यात डोकावून 'वेऽऽल' असं लांबवलं, आणि मला ऐकू आलं, 'आज पुन्हा तेच?' मला हसू फुटलं. मग तोही हसला. तेव्हापासून कान लावून ऐकते. तुटक म्हटलं की 'बरा आहे, चौकशी पुरे'. उसासा टाकून म्हटलं की 'असो'. भुवया वर गेल्या की 'अगं बाई, खरंच?' आणि अगदी हळू, आत कुठेतरी जपून ठेवल्यासारखं म्हटलं, की ती आपली गावातली विहीर. आपल्या इंग्रजीत विहिरीलाही तोच शब्द, त्याला तो तरी काय करणार?

गिलियन : आता विहिरीचं काय?

एनिड : अगं, या आठवड्यात पाकळ्यांच्या चित्राने गावची विहीर सजवतात, विसरलीस? इतकी वर्षं ओली माती थापलेल्या फळीवरचं चित्र त्यानेच काढलं. यंदा शेजारच्या नॉर्मनने काढलं. परवा मी ह्याला चाकाच्या खुर्चीत घालून फळी भरतात त्या कोठारात नेलं. बायका ओल्या मातीत पाकळ्या दाबत बसल्या होत्या. दारातून ऊन आत आलेलं, कुणी काही बोलत नव्हतं, सगळीकडे फुलांचा वास. ह्याने डाव्या हाताने एक निळी पाकळी उचलली आणि अंगठ्याने दाबली. मग आणखी एक. दिवेलागणीपर्यंत चित्रातलं तळहाताएवढं आभाळ भरलं त्याने. तेवढा वेळ तोंडातून 'वेल'सुद्धा नाही. गरजच पडली नाही.

गिलियन : काल जेवणानंतर झोपेत पुटपुटत होता.

एनिड : ते वेगळं. लहानपणी तो विहिरीत वाकून हाका मारायचा. पाण्याखाली दुसरं गाव आहे आणि तिथून कुणीतरी ओ देतं, असं त्याला वाटायचं. झोपेत तो तिथेच जात असावा. बघ, चेहरा किती निवांत झालाय. तिथे बहुतेक सगळे शब्द असतील त्याच्याकडे.

गिलियन : तू त्याच्या मनातलं फार सहज सांगतेस.

एनिड : सवय आहे मला. मागणीसुद्धा त्याने अशीच घातली होती. कुंपणावर बसलो होतो, आणि मग एकदम, 'वेल?' मी म्हटलं, वेल काय? तर हा कानापर्यंत लाल. मग मीच हो म्हणून टाकलं. पण गिली, खरं सांगू? आता कधी कधी वाटतं, तो काही म्हणतच नसेल. मीच विचारते आणि मीच उत्तर देते. त्याला इथे राहायचंय, की मला त्याला इथे ठेवायचंय? माझी पाठ धरते आता. मागच्या आठवड्यात आंघोळ घालताना दोघंही आपटलो असतो.

गिलियन : हे फोनवर का नाही बोललीस?

एनिड : बोलले असते तर तू तेव्हाच खोली धरली असतीस.

गिलियन : मग उठव त्याला. विचार.

एनिड : मी नाही. मला जे हवंय तेच मला ऐकू येणार. तू विचार. मी चहा टाकते.

गिलियन : बाबा. जागा झालास?

सिरिल : वेल.

गिलियन : शनिवारी शुश्रूषागृहाची गाडी येणार आहे. काल तुझा शब्द पुरा व्हायच्या आत मी फोनकडे धावले. आता नीट विचारते. तुला इथेच राहायचंय का? आईजवळ?

सिरिल : वेल.

गिलियन : विहीर म्हणतोयस, की बरं म्हणतोयस?

सिरिल : वेल... वेल.

एनिड : मला इथे आत नीट ऐकू आलं नाही. काय म्हणाला?

गिलियन : कळलं नाही गं. दोनदा म्हणाला, आणि दोन्ही वेगळे. पण काल मी जो होकार ऐकला, तो त्याचा नव्हता, माझा होता. खोली नको म्हणून कळवते.

एनिड : आणि पुढे?

गिलियन : थोडे दिवस रजा काढते. त्याला उचलायचं-बसवायचं काम माझ्याकडे. मदतीला कुणी बाई मिळते का तेही बघू. तोवर माझेही कान तयार होतील. मग पुन्हा विचारू.

एनिड : आणि तेव्हा त्याने लीड्सला येतो म्हटलं तर?

गिलियन : तर तुलाही घेऊन जाईन.

एनिड : ...चहा निवतोय. तुझा कप घेऊन जा.

गिलियन : आले. बाबा, हात सोड जरा.

सिरिल : वेल.

गिलियन : बरं. नको सोडूस.