वढ्याकडच्या शेताचं लेआऊट झालं तवा

माझं म्हायेर उचगावचं. न्हान वयात लगीन झालं आन् हिंडलग्याच्या पल्याड ह्या गावात आलो, ते आजतागायत हितंच हाय. घरात दोन भाव. थोरल्याची बायकू तारक्का, धाकट्याची मी. सासू आदीच गेलती, म्हनून मला सगळं तारक्कानंच शिकवलं, भाताचं रोप कसं उपटायचं, चिखलात कसं लावायचं, सगळं. कंबर धरू नगंस गं, म्हनायची, कंबर धरली की दीस सरत न्हाय.

काय सांगू तुमाला, वढ्याकडचं त्ये शेत म्हंजे आमचं सगळं हुतं. पावसाळ्यात भात, त्ये निघालं की त्याच ओलीवर मसूर. भात फुलोऱ्यात आलं की असा वास सुटायचा, असा वास सुटायचा की वाटंनं जानारं मानूस थांबायचं. दुपारी आमी दोघी बांदावर भाकरी खायाचो, आन् तारक्का आपली लसनाची चटनी माझ्याकडं सरकवायची. आता ह्ये काय सांगायची गोष्ट हाय व्हय? पन मला त्येच आटवतंय.

मग बेळगाव वाढाय लागलं. शेरातल्या रिटायर मानसांस्नी मोकळ्या हवंला घर पायजे झालं. घराला घर चिकटलेलं नगं, मधी बंगला आन् भवतीनं बाग. थोरले भाव, आमचे आप्पा, त्येंच्या मनात भरलं. शेत बिगरशेती करून घ्यायचं, प्लाट पाडायचं आन् आपुन शेरात ऱ्हायाचं. माझं मालक न्हाय म्हनालं. लई भांडान झालं. आप्पा म्हनाले, पोरं शिकाय लागल्यात, त्येंनी का चिखलात जलम काढायचा? त्येंचंबी खोटं न्हवतं वो. वरची शेतं आदीच प्लाटात गेलती, पाट बुजला, भाताला पानी मिळंना. शेवटी मालकानीबी अंगठा दिला. त्या दिवशी जेवलं न्हाईत.

मोजनीची मानसं आली तवा भात पोटरीत आलतं, लोंब्या अजून पोटातच हुत्या. साखळी घिऊन आत शिराय लागली. तारक्का पदर खोचून म्होरं उभी ऱ्हायली. सायब कन्नडात म्हनाला, बाजूला व्हा. हीबी कन्नडातच म्हनाली, पोटुशी बाईला कोन तुडवतंय काय रं? सुगी हू दे, मग काय मोजायचं त्ये मोज. आप्पांनी मान खाली घातली. सायब मानसं घिऊन परत गेला.

त्या सुगीला गडी लावला न्हाय. आमी दोघीच कापत हुतो, हळू हळू, सरू ने म्हनून. शेवटाला एक मूठ उरली. ती म्हनाली तू काप, मी म्हनलं न्हाय आक्का तू. दोघीबी तशाच उभ्या. मालक आलं, इळा घेतला आन् त्येंनीच कापली.

उन्हाळ्यात दगडं रोवली, रस्तं पाडलं. आप्पा आन् तारक्का शेरात वडगावात गेली, शेजारी दोनी बाजूला कापडाचं माग. मी भेटाय गेलतो तर खडखडाटात बोललेलं ऐकूच येईना. म्हनाली, हितं समदं हाय गं, नळ हाय, लाईट हाय. फकस्त सकाळी उठून जायाचं कुटं त्ये कळत न्हाय.

एकडाव आलती हिकडं. चल म्हनाली, शेत बगू. शेत म्हनाली वो! गेलो. सगळीकडं कंपौंड, फाटकं. बांद कुटं हुता त्ये तिला घावंना, ह्या रस्त्यानं जाती, त्या रस्त्यानं येती. एका बंगल्यातनं मानूस भाईर आला, चांगलाच हुता, कोन पायजे म्हनाला. तारक्का म्हनाली, कोन न्हाय, वाट चुकलो. त्यानंतर ती आलीच न्हाय. मीच जातो वडगावाला.

मालकबी आता न्हाईत. मी त्याच शेतावरच्या बंगल्यातनी बाळंतिणीकडं जातो, बाळांना चोळून आंगूळ घालाय. मानसं मायाळू हायत, च्या दिल्याबिगर सोडत न्हाईत. त्येंच्यावर राग कसा धरू? परवा एक लेक पायावर घेतली हुती. तिची आई म्हनाली, आज्जी, चार शब्द चांगलं बोला की माझ्या पोरीला. मी म्हनलं, बाये, ह्याच अंगनात चाल, ह्याच अंगनात म्हातारी हो, तुला कुनी हितनं उटवू ने. मग पानी वतलं, आन् पोरगी रडली अशी खनखनीत, की मीच हसाय लागलो.