बेकन, थंड टोस्ट आणि भरलेला गळा

माझ्या रशियनचा काही उपयोग झाला का, असं विचारतेस ना? मँचेस्टरमध्ये एकदाच झाला.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मॉस्कोची एक नाटक कंपनी आली होती. प्रेक्षकांच्या कानाला हेडफोन, आणि मागच्या केबिनमध्ये बसून मी इंग्लिश भाषांतर वाचायचे. मुख्य नट वादिम निकोलायेविच, सत्तरी ओलांडलेले. रशियात त्यांचे सिनेमे घरोघरी पाहिलेले.

शेवटच्या प्रवेशात म्हातारा बाप मुलाची क्षमा मागतो. शनिवारच्या मॅटिनीला ते मुलासमोर गुडघे टेकून बसले आणि एकदम गप्प झाले. मग भरल्या गळ्याने रशियनमध्ये म्हणाले, "केबिनमधल्या बाई, मी सगळं विसरलोय. तुम्ही वाचत राहा, मी बोलत राहतो."

मी वाचत राहिले, "बाळा, मी तुझा अपराधी आहे." तिकडे ते त्याच आर्त स्वरात हॉटेलातलं बेकन आणि थंड टोस्ट यांबद्दल बोलत होते. मुलाचं काम करणाऱ्या नटाने ओंजळीत तोंड लपवलं. हसू आवरेना, त्याचे खांदे गदगदत होते. प्रेक्षकांना वाटलं, रडतोय. मग प्रेक्षकही रडायला लागले.

नंतर मी मेकअप रूममध्ये गेले, तर वादिम निकोलायेविच आरशासमोर एकटेच बसलेले.

"आयुष्यात पहिल्यांदा विसरलो," ते म्हणाले. "लोक उठून गेले का?"

"नाही हो. सगळे रडत होते."

त्यांनी खोटी मिशी काढून टेबलावर ठेवली.

"म्हणजे आयुष्यभर मी उगाचच पाठांतर केलं."