गुरुवारचा द्राक्षरस

—बास, बास म्हनले ना! पेला भरायला हे काय ताक हाय का अँड्र्यू? आनि ते दार लोट आधी. समोरच्या केशरबाईनं बघितलं तर दिवस मावळायच्या आत गावभर व्हईल — कृपाबाई, चर्चचा द्राक्षरस करनारी कृपाबाई, भाच्याला घेऊन भर दुपारी दारू पीत बसल्ती. व्हय रे, वाइन, वाइन. तुमच्या जहाजावर वाइन असंल. तिथं बड्या लोकान्ला टेबलावर वाढतोस, तुझं कौतुकच हाय मला — माझी बहीन असती तर तुझा त्या काळ्या कोटातला फोटो भिंतीला लावला असता तिनं. पन हितं काष्टीच्या पलीकडं लाल बाटली म्हंजे दारूच. आनि पेले स्टीलचेच हायेत. चर्चचे बारके काचेचे हायेत कपाटात, पन त्यात ही ओतू द्यायची न्हाई मी. तेवढं मागू नको.

फिरवू? कशाला फिरवायची, झोपलीय का ती? बरं — फिरवली. नाक घालू? घातलं. हं. छान हाय. चेरीचा वास येतोय — असं काय बघतोस, तूच म्हनलास ना आत्ता, चेरी आनि सुकी माती? मी कुठं चेरी खाल्लीय जन्मात. केकवर असती ती लाल, ती का? ती तर रंगवलेली करवंदं असत्यात म्हनं. बरं, मातीचा वास हाय. हाय बाबा. तू एवढ्या लांबनं, इटलीतनं उचलून आनलीस, मी न्हाई कशी म्हनू?

काय नाव सांगितलंस — सांजोवेझे. आनि त्यात मर्लो. आनि तिसरं कायतरी, रंगाला. म्हंजे एका द्राक्षानं तिकडं बी भागत न्हाई? बरं वाटलं ऐकून. आमच्या सासूबाई हेच सांगायच्या, त्यांनी कुठं इटली बघितल्ती? चार भाग काळी द्राक्षं, एक भाग मनुका भिजवलेला, आनि वर दोन मुठी जरा कच्ची, आंबट द्राक्षं. का? तर नुसत्या काळ्या द्राक्षाचा रस जिभेवरून निसटून जातो — मनुका त्याला अंग देतो, कच्चं द्राक्ष धार देतं. झालं, हीच तुझी इटली. फक्त आमचा आंबवायचा न्हाई. आटवायचा. चुलीवर चढला की आधी हिरवट वास येतो, मग एका घडीला वास पालटतो — गुळाच्या पाकावर जातो — त्याच घडीला उतरवायचा आनि उकळून वाळवलेल्या बाटलीत गरम गरम भरायचा. आधी उतरवला तर पंधरा दिवसांत आंबतो, उशीर झाला तर काकवी. घड्याळ न्हाई, माप न्हाई, नुसतं नाक. एकतीस वर्सं केलं मी. सिल्व्हिया म्हनती, आई, मला शिकवा — सून गुनाची हाय, पन मी म्हनले, माझं नाक शाबूत हाय तवर तुला कशाला तरास.

आन, दुसरी दे. ही वेगळ्या बाटलीतली ना? थांब, सांगते — हां. ही जड हाय. पैली हलकी हुती, ही जिभेवर बसती. आनि जराशी तुरट. बरोबर? कसं वळखलं बघ — काय? हसतोस काय? — दोन्ही एकाच बाटलीतली?

चांगलं शिकलास रे जहाजावर. म्हाताऱ्या मावशीला फसवायला चांगलं शिकलास. पाहुन्यान्ला पन असंच करता का तुमी? गंमत म्हनून? असंल. तुझ्या जहाजावर गंमत असंल. — न्हाई, चिडले न्हाई मी. बस. उठू नको, बस म्हनते ना. माफी नको मागू. तू काय केलंस? तू पानी दिलं असतंस तरी मी म्हनले असते जड हाय.

मला कायच लागत न्हाई, अँड्र्यू. वास न्हाई, चव न्हाई. कोरोनात गेली ती गेली. डॉक्टर म्हनला येईल दोन-तीन म्हैन्यात, सगळ्यांची आली, माझी न्हाई आली. कुनाला सांगितलं? कुनाला न्हाई. भाजीत मीठ चिमटीनं घालते, मोजून. तिखट डोळ्याला झोंबलं की समजते पडलं. मानसाला काय, जेवल्याशी काम — पन तो रस. वर्सातनं एकदा, गुड फ्रायडेच्या आदल्या दिसी, गुरुवारच्या प्रभुभोजनाला. तेवढंच माझं काम हुतं त्या चर्चमधी. मला ना गाता येतं, ना वचन धड वाचता येतं. मंडळी माझ्या हातचं पितात, एवढंच.

म्हनून मी अंदाजानं करत गेले. एवढा जाळ, एवढा येळ, पातेल्याला एवढी रेघ उतरली की झालं. दोन-तीन वर्सं निघाली. मागल्या वर्सी — कसं सांगू तुला — मागल्या वर्सी भोजन झालं, पेले परत आले, उरलेला रस आमी चर्चमागच्या लिंबाच्या बुडाला ओततो, गटारात न्हाई टाकत, आशीर्वाद दिलेला असतो ना. दरवर्सी अर्ध्या तासात तिथं मुंग्यांची रांग लागती. त्या दिसी मी धुनं-पुसनं करून बघाया गेले, तर एक मुंगी न्हाई. एक न्हाई, अँड्र्यू! दुसऱ्या दिसी गेले, तरी न्हाई. तवा घरी येऊन बाटली काढली. बाटलीच्या बुडाशी थोडा उरल्ता, उनात धरला तर बुडबुडे. आंबल्ता. पार शिरका झाल्ता.

आनि पंच्याऐंशी मानसं तो प्यायली. पंच्याऐंशी! शलमोन मास्तर प्यायले, पाळकसाहेब प्यायले, ती पुन्याहून आलेली नवी नवरी प्यायली. कुनी तोंड वाकडं केलं न्हाई. कसं करतील? प्रभूच्या मेजाशी कोन तोंड वाकडं करतं? डोळे मिटून गिळला सगळ्यांनी, आमेन म्हनले, आनि बाहेर येऊन मला नेहमीसारखा सलाम केला. आनि तुझे काका — घरी आल्यावर मी इचारलं, कसा झाल्ता रस? तर म्हनले, गोड झाल्ता. नोहा माझ्याशी चव्वेचाळीस वर्सांत खोटं बोलला न्हाई कधी, त्या दिसी बोलला, आनि ऑगस्टात गेला. आता कुनाला इचारू, का बोललास म्हनून? मला राग येतो त्याचा. खरंच येतो. रडू बी येतं आनि राग बी येतो.

एवढं झालं तर गप बसावं ना मानसानं? न्हाई बसले. या रविवारी पाळकसाहेब चर्चच्या बैठकीत म्हनले, औंदा दुकानातला बाटलीबंद रस आनू, बाईंचं वय झालंय. किती हळू बोलले बिचारे! समदे खाली बघत हुते. मला समजाया पायजे हुतं. पन मी उठून उभी राहिले — म्हनले, कृपाबाई जिती हाय तवर मेजावर दुकानातला रस येनार न्हाई. लई जोरात म्हनले. सगळे आपले, बरं बरं.

आज मंगळवार. रस म्हैन्यामागंच भरून ठेवलाय. परवा त्यांना तो द्यायचाय. तेच सगळे येतील, डोळे मिटतील, गिळतील. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी राहीन आनि मला कायच कळनार न्हाई.

तुला कशाला बोलवलं असं वाटतं तुला? इटलीसाठी? ऊठ. त्या कपाटात खालच्या फळीवर बाटली हाय, फडकं बांधलेली. काढ. ओत तुझ्या पेल्यात — धुऊन घे आधी. हां. आता ते फिरवनं नको, माझ्याकडं बघून पी. आनि मला छान म्हनू नको, मावशी म्हनून गोड बोलू नको. पोटापान्याचा धंदा हाय ना तुझा हा? मग धंद्यासारखं सांग. घे.

.......

हां.

न्हाई, बोलू नको. दिसलं मला. तोंड नको पुसू, राहू दे तसंच — मला बघू दे. वर्स झालं, एका मानसाचं तरी तोंड वाकडं झालं माझ्यासमोर.

लई आंबलाय? ... बरं.

रडत न्हाई मी. थकलेय जराशी. द्राक्षं मिळतील अजून, उद्या सकाळी काष्टीच्या बाजारात मिळतील, मनुका घरात हाय. येळ हाय. जा तू आता. तुझ्या बाटल्या घेऊन जा, सगळ्या ने. आनि जाता जाता सिल्व्हियाला म्हनाव, आईनी आत बोलवलंय. मोठं पातेलं घेऊन ये म्हनाव. — न्हाई, तू थांबायचं न्हाई. तुझ्यासमोर मला तिला सांगता यायचं न्हाई. जा बाबा. दार लोटून घे.