गेमची वाटणी

खरं सांगतो, त्या दिवशी मी बदमाशीच केली. मामा आले होते दादाची अन् माही वाटणी करून द्याले. धानाचं वावर झालं, भांडेकुंडे झाले, राहिला आमचा दोघांचा व्हिडिओ गेम. घेताना दुकानदारानं म्हटलं होतं, "हा टीव्हीवरबी चालते अन् हातातबी. दोन घ्याची गरज नाही."

मामा म्हणाले, "मंग भाग सरळ हायत. टीव्हीजवळचा डब्बा मोठ्याले, हातातला लहान्याले."

डब्ब्यात काहीच नसते, हातातला त्यात बसवला तरच टीव्हीवर दिसते, हे मले मालूम होतं. तरी मी चूप बसलो.

आठ दिवस एकटाच खेळलो. मजाच नाही आली ना राजेहो! शेवटी गेलो दादाकडे. त्यानं तो रिकामा डब्बा पुसून टीव्हीजवळ ठेवला होता. मी गेम त्यात बसवला, टीव्हीवर चित्र आलं. दादानं गेमच्या दोन बाजूचे दोन रिमोटं काढले. एक सोता घेतलं, एक माह्या हातात देल्लं.

वहिनी म्हणाली, "वाटणी झाली ना तुमची?"

दादा म्हणे, "हाव. पण मामाले सांगू नोको. नाही तं ते टीव्हीबी मधातून कापून देतीन."