सिनेमातलं बिचारं पोर

...आणि यांना रडायला वेळ कुठून मिळतो हो? तुम्हीच बघा, सिनेमातला परदेशी गेलेला मुलगा कधीही बघा, खिडकीशीच उभा! हातात आईचा फोटो, बाहेर बर्फ, मागे बासरी... तुम्हाला सांगतो, अकरा वर्षं झाली मला तिकडे, एका हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरींच्या घड्या घालतो, दिवसाला आठशे, आणि माझ्या खिडकीतून दिसते शेजारच्या इमारतीची भिंत. हात बाहेर काढला तर खरचटतो. तिच्याकडे बघून काय रडणार? सिनेमात बरं असतं.

रडलो नाही असं नाही. एकदा मशीनमधून गरम चादर काढली आणि वास आला, अगदी आमच्या गच्चीवर उन्हात वाळलेल्या कपड्यांचा... आई खाली उभी राहून ओरडायची, ‘अरे, आण की ते कपडे, कडक होतील!’ मी आपलं चादरीत तोंड खुपसलं. मागे आमच्या मुकादमबाई. ‘काय करतोयस? डाग शोधतोयस?’ म्हटलं, हो. तेव्हापासून डाग तपासायचं कामही माझ्याच गळ्यात. सिनेमात बासरी वाजते, इथे काम वाढतं.

बरं, दर रविवारी आईचा फोन. ‘कसा आहेस रे?’ ‘मजेत.’ दुसरं काय सांगणार? चादरीत तोंड घालून रडलो म्हणून? तिकडे राहणारे आम्ही सगळे मजेतच असतो हो, फोनवर. पण यंदा सुट्टीवर आलो ते ठरवूनच, की आईला समोर बसवून एकदा सांगायचं, आई, मला करमत नाही गं तिकडे. सात दिवस घरात हा मामा, ती आत्या, कुणी ना कुणी होतंच. शेवटच्या दुपारी आम्ही दोघंच. म्हटलं, ‘आई, तुला एक सांगायचंय...’

‘थांब जरा, सिनेमा लागलाय.’

आणि कोण असावं त्यात? तोच! खिडकी, फोटो, बर्फ... आणि आई पदर डोळ्यांना लावून हमसून हमसून रडतेय. म्हटलं, ‘अगं आई, मी इथे बसलोय.’ तर माझ्याकडे न बघता म्हणते, ‘तू गप रे. एकटं पडलंय बिचारं पोर. तुला काय कळणार, आईपासून लांब राहणं म्हणजे काय असतं ते?’

मग तिच्या शेजारी सरकून बसलो आणि त्या पोरासाठी म्हणून मीही पोटभर रडून घेतलं. शेवटी पोर कायमचं घरी परतलं. सिनेमात बरं असतं, म्हटलं ना. आई डोळे पुसत उठली, म्हणाली, ‘सुटलं बिचारं. चल, तुझी बॅग भरायची राहिलीय.’