ताज्या पाण्यातले मासे

...आन् वर मलाच इचारतात, “शिवलिंगप्पा, मासे मेले तरी कशानं?” आता मला ठावं असतं तर म्या मरू दिले असते का हो? तुमाला सांगतो, बैल मेला तर समजतं, कडबा मिळाला न्हाय. शेळी मेली तर समजतं, पाला मिळाला न्हाय. औंदाच्या दुष्काळात कोण कशानं गेलं हे कुणी कुणाला इचारतच न्हाय. पर मासा? त्याला लागतं काय तर पाणी, आन् ते आमच्या मुरूम गावात माणसाला घोटभर मिळंना तरी त्याला काठोकाठ दिलंय! पाण्यात असून मासा मरतोय, आता काय म्हणावं?

बरं, लिंगायताच्या घरात मासे आले कुठनं, हे तुमी इचारणारच, सगळं गाव इचारून गेलं. एकानं तर खालच्या आवाजात इचारलं, “अप्पा, कवा सुरू केलं?” अरं बाबा, खायला न्हाईत, बघायला हायत! आमच्या दूध संस्थेचे चेअरमन आबाराव सोलापूरला कुठल्याशा हॉटेलात जेवायला गेले, तिथं काचेच्या पेटीत मासे बघितले, आन् आले ते “संस्थेला शोभा पायजे, संस्थेला शोभा पायजे” म्हणतच आले. झालं, शोभा आली. लाल-सोनेरी मासे, खाली रंगीत खडे, बुडबुडे सोडायचं मशीन, ते लाइट असंल तवाच चालायचं म्हंजे बहुतेक वेळा बंदच. म्या संस्थेत दूध मापायला. मापायचं आन् बघायचं, बघायचं आन् मापायचं. मग पाऊस गेला, कडबा गेला, गुरं बाजारात गेली, दूध आटलं, संस्थेला कुलूप लागलं. आबाराव म्हणले, “शिवलिंगप्पा, आवाराची किल्ली तुझ्याकडं ठेव आन् पेटी घरी ने. लक्ष्मम्माचा जीव तरी रमंल.” लक्ष्मम्मा म्हंजे आमची ही, माझी बायको.

जीव रमंल... हे आता सांगावंच लागतं. आमची गिरिजा. एकच लेकरू, उशिरा झालेलं, नुकतं कुठं ‘अप्पा दूध, अप्पा दूध’ म्हणत संस्थेपतुर पळत यायला लागलेलं. नागपंचमीला हिनं तिला न्हाऊ घातलं, नवा झगा घातला, आन् दुपारी ताप भरला तो डोक्यातच गेला. सोलापूरला नेली, तिथनं तिला घिऊन परत आलो न्हाय. डॉक्टर भले माणूस, दोघांना बसवून सांगितलं, मेंदूचा ताप हाय, न्हाऊ घातल्याचा काय संबंध न्हाय, कुणाच्याच हातानं झालेलं न्हाय. म्या ऐकलं. हिनं ऐकलं न्हाय. हिनं एकच धरलं, माझ्या हातानं लेकरू गेलं, माझा हात वाईट. तवापासनं कुणाच्या लेकराला हात लावंना. शेजारी बेगमबीच्या सुनेला पोरगं झालं, गोरंपान, गुबगुबीत. बेगमबी त्याला घिऊन आमच्या उंबऱ्यात उभी, “ले ना गे लक्ष्माक्का, जरा गोदी में ले,” आन् ही दोनी हात पदराखाली घालून आत निघून गेली. म्या हसलो आपला. लेकराला म्हणलं, अक्काला काम हाय.

तर अशा घरात मासे आले. आन् तुमाला सांगतो, पैल्या दिवशी ही पेटीम्होरं जी बसली ती चुलीवरचं करपलं तरी उठली न्हाय. चिमटीनं पीठ टाकायची, एकेकाशी कानडीत बोलायची. मला म्हणली, “अवो, ह्यो मोठा हाय न्हवं, लई हावरा हाय.” आन् हसली. किती दिसांनी! म्या करपलेली आमटी मिटक्या मारत खाल्ली.

मग एक मेला. म्या म्हणलो, जागा बदलली, हवा मानवली न्हाय. मग दुसरा. आधी वर तोंड काढून हवा गिळायचा, कल्ले लालभडक, अंगावर सायीसारखं पांढरं, आन् मग आडवा. ही काय रडली न्हाय, रडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणली, “म्हणलं हुतं न्हवं?” आन् पीठ टाकायचं बंद. बोलायचं बंद. पेटीपासनं चार हात लांबनं चालायला लागली. आता तुमीच सांगा, मला माशाची कसली हौस? पर मला ते जगवायचे हुते हो, एक तरी... एक जरी जगला असता तरी म्या हिच्या तोंडापुढं धरून म्हणलो असतो, बघ, तुझ्या हातानं जगला!

मग लागलो मागं. आबारावांनी सांगितलं, “सरकी पेंड घाल, दूध वाढतंय त्यानं, तर मासा वाढणार न्हाय व्हय?” घातली, पाण्याला तवंग आला. गुरांच्या डॉक्टरला आणलं, त्यानं पेटीभवती चक्कर मारली, चष्मा पुसला, म्हणला, “अप्पा, ह्याचा जबडा धरता येईना तर औषध पाजू कुठनं?” आन् चहा पिऊन गेला. कुणी मीठ टाक म्हणलं, टाकलं. कुणी हळद म्हणलं, टाकली, दोन दिस मासे हळदीच्या अंगानं नवरदेवासारखे फिरत हुते. बेगमबीनं दृष्ट लागली म्हणून पेटीला लिंबू-मिरची बांधली. मासा तरी बी मेलाच, लिंबाखाली! मेला की बेलाच्या झाडाखाली पुरायचा, आन् एसटीनं सोलापूर. आणायचे कशात, तर दुधाच्या किटलीत. कंडक्टर म्हणायचा, “अप्पा, संस्था सुरू झाली का?” म्या म्हणायचो, व्हय, माशाचं दूध काढतो आता.

तिथला दुकानदार सादिकभाई, त्याला सगळी लक्षणं सांगितली, तो म्हणला, “अप्पा, मच्छी को साफ पानी होना, बस. पानी गंदा हुआ, मच्छी गई.” आता साफ पाणी म्हंजे काय, हे मला कुणी शिकवावं? आमच्या घरात कालचं पाणी आज कुणी पीत न्हाय. सकाळी उठलं की शिळं पाणी झाडाला, घागर राखेनं लख्ख घासायची, ताजं भरायचं. पाव्हण्याला शिळं पाणी दिलं तर घराची अब्रू जाते, मग हे तर हिचे पाव्हणे! आन् ताज्या पाण्याला मला तोटा कुठला? टँकर उभा राहायचा संस्थेच्या आवारात, फाटकाची किल्ली माझ्याकडं. भाईर घागरीवर घागर आपटतीय, बाया एकमेकीच्या झिंज्या उपटायच्या बेतात, आन् पैली घागर माझी! टँकरच्या तोंडात तो माणूस पांढरी पावडर ओतायचा, असा भपकारा यायचा की डोळ्यांतनं पाणी. म्या म्हणायचो, वा, वास येतोय म्हंजे शुद्ध हाय. ती घागर पळवत घरी, मासे किटलीत काढून पेटी रिकामी, राखेनं लख्ख, आन् ताजं ताजं पाणी ओतलं माशांवर. रोज! गाव माझ्याकडं बघून म्हणायचं, याड लागलं अप्पाला, लेकरू गेल्यापासनं. मलाबी वाटायला लागलं, लागलं असंल. एवढं करून, पाण्यात असून मासा मरतोय, आता काय म्हणावं?

आन् ऐन चैत्रात टँकरच मोडला. रस्त्यात मोडून पडला तो आठवडाभर आलाच न्हाय. म्या सायकलला घागरी बांधून लांबच्या मळ्यातल्या हिरीवर जायचो, दिस तिकडंच मोडायचा, आन् मिळायचं ते प्यायला पुरायचं न्हाय. माशाला कुठनं देणार? पेटीतलं पाणी हिरवट झालं, तळाला घाण बसली. म्या तिकडं बघायचंच सोडलं. मनाशी म्हणलं, ह्या बारीला सगळेच जाणार, आन् हिला तोंड कसं दाखवू.

टँकर आला. म्या पैली घागर घिऊन धावत घरात, बघतो तर काय... सगळे जिते! त्या घाणीत असे खेळत हुते, असे लाल, असे टवटवीत, की म्या घागर घिऊन तसाच उभा. म्हणलं, बिचाऱ्यांनी वाट बघितली माझी. शिळं पाणी बेलाला घातलं, पेटी घासली, ताजं ओतलं. वर हिला हाक मारली, “ये, बघ तरी, जगले!” ही दारात येऊन उभी राहिली. आन् आमच्या डोळ्यांदेखत, तुमाला सांगतो, दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी तोंडं वर काढली. दुपारपतुर सगळे आडवे.

म्या पेटीम्होरं खाली बसलो. वाटलं, आता ही म्हणणार, म्हणलं हुतं न्हवं. पर ही पुढं झाली. पेटीजवळ आली, कितीतरी दिसांनी जवळ आली, आन् हळूच म्हणली, “अवो, तुमी पाण्याला जात हुता न्हवं, तवा रोज म्या पीठ टाकत हुते. माझ्या हातानं. मला ऱ्हावंना.”

म्या मान वर केली.

“माझ्या हातानं जगले,” ती म्हणली. “तुमच्या हातानं मेले.”

आता माझं ध्यान घागरीकडं गेलं. तळाला राहिलेल्या पाण्याचा वास घेतला, डोळे झोंबले. पेटीतल्या शिळ्या पाण्याला असला वास न्हवता की! तवा डोक्यात उजेड पडला, अरे, ही तर पावडर! किडा मरावा म्हणून घालतात ती, मासा कसा जगंल? दिसभर उभं राहिलं की पाण्याचा वास उडून जातो, आन् म्या येडा ताजं ताजं म्हणून भपकाऱ्यासकट ओतत हुतो! सांगायला तोंड उघडलं. हात-बित काय नसतं, लक्ष्मे, पावडर हाय ती... तेवढ्यात ती म्हणली,

“गिरिजाला न्हाऊ घातलं, तवा विसण कुणी घातलं हुतं?”

विसण म्हंजे कढत पाण्यात गार घालतात ते. तुमाला सांगतो, त्या सकाळी म्या घरात न्हवतोच. गाईला कुठली पंचमी? म्या संस्थेत दूध मापत हुतो, सगळं गाव साक्षीला हाय. पर तिचा चेहरा तुमी बघितला असता तर... बुडणाऱ्यानं काठाकडं बघावं तसं बघत हुती माझ्याकडं. तोंडात आलेली पावडर गिळली.

“म्या घातलं,” म्या म्हणलो. “म्याच.”

ती बघत राहिली. मग म्हणली, “व्हय. तुमीच घातलं हुतं.” आन् भिंतीला टेकून रडायला लागली, पोटभर, पंचमीपासनं साठलेलं सगळं. म्याबी रडलो. डॉक्टर खरंच बोलला हुता हो, कुणाच्याच हातानं झालं न्हाय. पर आईला तेवढं पुरत न्हाय, तिला कुणाचा तरी हात लागतोच. मग तिचाच कशाला? माझा हाय की. तिला ठावं असंल का म्या खोटं बोललो ते? असंल बी. आमी त्यावर परत बोललो न्हाय.

मासे परत आणले. पाणी आता तीच घालते. म्या एवढंच सांगितलं, “घागर माझ्या हातची हाय, एक दिस तशीच उघडी ठेव, माझ्या हाताचा गुण उतरू दे, मग घाल.” तिला ते लगेच पटलं. मासे झकास हायत. ह्यातबी एक हावरा निघालाय, तो तर एवढा झालाय!

आन् काल बेगमबीच्या नातवाला तेल लावून हिनं न्हाऊ घातलं. सगळी गल्ली दारात उभी. लेकरू खदाखदा हसत हुतं, ही कानडीत त्याच्याशी बोलत हुती. म्या म्हणलं, आपण तरी लांब का, जरा घेऊ मांडीवर. हात पुढं केले, तर ही चारचौघांत म्हणते, “तुमी नका घेऊ. तुमच्या हाताला गुण न्हाय.” बाया फिदीफिदी हसल्या. बेगमबीनं सुद्धा लेकरू जरा पलीकडं सरकवलं. काय करता? म्हणलं, बरं बाई. बसलो आपला वट्यावर, दोनी हात मांडीखाली घालून.