समोरचा डबा सापडत नाही

नाही, तुम्हीच सांगा, डबा समोर फळीवर बसलाय, हिरवा दिवा मिचकावतोय, आणि हातातला टॅब म्हणतो, सापडत नाही! अरे, मला म्हाताऱ्याला चष्म्याशिवाय दिसतोय, आणि तुला सापडत नाही?

तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं किल्ल्या बनवल्या मी. शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण कुलूप कानाशी हलवलं की आत काय अडलंय ते कळायचं. ह्या डब्याला मात्र कुलूपच नाही! मुलानं बसवला. म्हणाला, "बाबा, घरातले सगळे फोटो, व्हिडिओ आपोआप ह्यात जातील. आपल्या वायफायवर असलात की टॅबवर नुसतं बोट ठेवायचं, उघडलंच!" उघडलंच म्हणे... वा!

आणि मुहूर्त कसला साधला बघा. दुपारी तीनला हिला डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायला गाडी येणार. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्याचं डॉक्टर छातीठोक काही सांगेनात. ही सकाळी म्हणाली, "नात पहिल्यांदा चालली तेव्हा मी आत भांडी घासत होते. तुम्ही व्हिडिओ काढलात ना? तेवढा एकदा डोळे भरून बघते, मग काय व्हायचं ते होऊ दे." बाईमाणसानं जन्मात एवढंच मागितलं हो! आणि डबा समोर, तर म्हणे सापडत नाही!

मग टॅबवरूनच मुलाला लावला व्हिडिओ कॉल. तो परगावी, ऑफिसात. तोंडभर हसला. "बाबा, घाबरू नका हं." मी कशाला घाबरतोय? डबा घाबरून लपलाय! "डबा बंद करून चालू करा." केला. "मागची वायर घट्ट बसवा." बसवली. "पासवर्ड परत टाका." टाकला, एकेक अक्षर जुळवत, दाताला दात जुळवून किल्ली घासावी तसा. तरी सापडत नाही! मग साहेब गंभीर झाले. "बाबा, डब्याचा पत्ता बदलला असेल." अरे, वर्षभर त्याच फळीवर बसलाय, धूळसुद्धा मीच पुसतो, त्याचा पत्ता कसा बदलेल? बिऱ्हाड केलं का त्यानं?

मागून हिचं चालूच, "अहो, अडीच वाजले." मी म्हटलं, "ऐकतोय." "ऐकू नका, उघडा."

शेवटी मुलगा म्हणाला, "आता वायफायचाच डबा बंद करा." मी उठलो, गुडघे धरत भिंतीपाशी गेलो, बटण बंद केलं, परत आलो. "केला रे बंद." "पूर्ण बंद?" "एकही दिवा नाही." आणि तो माझ्याकडे बघतोय, बघतोय...

"बाबा, वायफाय बंद आहे, तर तुम्ही माझ्याशी बोलताय कसे?"

आता बोला! मागच्या महिन्यात आमचं वायफाय पडलं होतं, तेव्हा वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मास्तरीणबाईंनी भलेपणानं त्यांचं जोडून दिलं होतं. तेव्हापासून टॅब तिथंच मुक्कामाला! म्हणजे सकाळपासून मी बाईंच्या घरात उभा राहून माझं कपाट चाचपत होतो. कसं सापडेल? चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारायचो, "दार तुमचंच आहे ना?" आणि स्वतःला तेवढं विचारायचं राहिलं.

वायफाय चालू केलं, टॅब आमच्या घरात आणला, बोट ठेवलं... उघडलंच! तीनला पाच कमी. खाली गाडीचा भोंगा. ही टॅब नाकाला लावून बसली, मी व्हिडिओ सुरू केला, आणि पडद्यावर काय?

अंगठा! माझा. कानशीनं नख चिरलेला, पडदाभर अंगठा! मागून माझाच आवाज, "चालली, चालली, अगं ये लवकर!" आणि खालच्या कोपऱ्यातून दोन इवलीशी पावलं, टपटप आली आणि गेली. संपलं.

मला वाटलं, आता ही रडणार. ही हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. दोनदा पाहिला. म्हणाली, "राहू दे हो. पट्टी सुटली की आधी हेच दिसणार आहे, सवय झालेली बरी."

तिला ऑपरेशनला आत नेऊन तास झाला. म्हणून बसलोय इथं तुमच्याशेजारी बाकावर, अंगठा साबणानं धुऊन.